बर्फाळ डोंगरावरचा हौद

मी एका खेळातला हौद बोलतोय. ठोकळ्यावर ठोकळा रचून घरंदारं, शेतं उभी करायचा तो खेळ. माझा डोंगर बर्फाचा, पण मी राहतो बेंगळुरात, व्हाइटफील्डच्या एका फ्लॅटमध्ये, टॅबच्या काचेआड. त्या काचेतून माणसं फार जवळून दिसतात. इतकी, की किळस यावी.

मला बांधलं हणमंतरावांनी. पीण्या या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं लेथ मशीन चालवलं. गेल्या साली उजवा हात लुळा पडला. "बोटं हलती ठेवा," डॉक्टर म्हणाले, म्हणून त्यांच्या मुलीनं, रूपश्रीनं, हा खेळ हाती दिला. एकेक ठोकळा बसवताना त्यांना घाम फुटायचा. तरी महिन्याभरात त्यांनी मला खणलं, बादलीनं पाणी ओतलं, भोवती गहू पेरला.

मी गोठलो. त्यांनी बर्फ फोडला. मी पुन्हा गोठलो. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की अगदी काठाला मशाली लावल्या तर उजेडानं पाणी गोठत नाही. मग त्यांनी चारी बाजूंनी मशाली लावल्या आणि मुलीला हाक मारली, "रूपा, स्वल्प, जरा इकडे ये. पाणी बघ."

जावई गिरीधर चकली खाता खाता टॅब उचलायचा, तेलकट बोटं माझ्यावरून फिरवायचा आणि सोफ्याला पुसायचा. तेही मी सोसलं. पण एका रविवारी त्याचे ऑफिसातले मित्र जेवायला आले, तेव्हा तो सासऱ्यांदेखत म्हणाला, "हे सगळं मी केलंय. असंच, टाइमपास."

मला शिसारी आली.

"स्क्रीनचा फोटो काढायचाय, मशाली त्यात घाण दिसतात," म्हणत त्यानं त्या उपटल्या. जेवणं उरकेपर्यंत मी कडेकडेनं गोठलो. वाफे कोरडे पडले.

"पाणी कुठे गेलं?" एका मित्रानं विचारलं.

"नेट स्लो आहे," गिरीधरनं ठोकून दिलं.

हणमंतरावांनी हात पुसला. "गिरीधरराव, तुम्ही केलंत ना? मग पाणी आणून दाखवा."

गिरीधरनं काचेवर इथं-तिथं बोटं आपटली. काही होईना. मित्र मोबाइल चाळू लागले.

"अण्णा, असू दे," रूपश्री पुटपुटली.

"सरी, ठीक आहे," म्हणत हणमंतरावांनी टॅब ओढून घेतला. वाकड्या बोटांनी बर्फ फोडला आणि माझ्यावर एकेक लाकडी फळी बसवली. डोक्यावर आभाळ उघडं नसलं तरी पाणी गोठत नाही, हे त्यांना कधीचं ठाऊक होतं. पण पाणी डोळ्यांना दिसावं, म्हणून त्यांनी मला आजवर झाकलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर रूपश्री म्हणाली, "अण्णा, मशाली परत लावा ना. छान दिसायचं."

"नको. झाकलेलंच बरं."

आता मी फळ्यांखाली आहे. गहू हिरवा आहे. गिरीधर आता टॅबला बोट लावत नाही. कधी या डोंगरावर आलात तर एवढंच करा: फळी उचलू नका. ती ज्यांनी बसवली, त्यांनाच वाटेल तेव्हा काढू द्या.