अठ्ठावन्नची पोचपावती

"अजून एकदा बसा, बाई. मशीननं घोळ केलाय," व्यंकटराव म्हणाले.

शालूनं श्वास मोजायचा तोंडावरचा मुखवटा काढला, घाम पुसला. "मशीन काय घोळ करतंय सर? पायडल तर मीच मारायलेय."

ताडकळसच्या टपाल कार्यालयातली शालू नऊ वर्षं आसपासच्या खेड्यांत सायकलवरून टपाल वाटते. रोजचे चाळीस किलोमीटर. लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या शिबिरासाठी महिलांची एक जागा आहे, असं कळल्यावर ती रजा टाकून परभणीला आली होती. प्रशिक्षक व्यंकटरावांची निवड शास्त्रोक्त होती. जागच्या जागी सायकल चालवायची, दर तीन मिनिटांनी पायडल जड होणार, आणि वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला शरीर किती मिलिलिटर प्राणवायू वापरतं, ते मशीन सांगणार. ज्याचा आकडा मोठा, त्याचा दम मोठा. हे शास्त्र सकाळी त्यांनी पाऊण तास पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं, ते सगळ्यांना पटलंही. शालूचा आकडा येईपर्यंत.

आकडा आला अठ्ठावन्न. जेवणानंतर पुन्हा घेतला, तरी अठ्ठावन्न. मधल्या वेळात त्याच मशीननं व्यंकटरावांच्या पुतणीला, प्राचीला, चव्वेचाळीस दिले. तेवढ्यापुरतं मशीन ठणठणीत होतं.

"प्रशिक्षण कुठं घेतलंत?"

"घेतलंच न्हाई."

"मग एवढा आकडा येतो कसा? प्राचीला दीड वर्ष तक्त्याप्रमाणं चालवतोय. चार दिवस लांब, संथ फेरी. दोन दिवस चार-चार मिनिटं जिवाच्या आकांतानं."

"आमचं बी तेच की. रोज लांबचं, अन् कुत्री मागं लागली की जिवाच्या आकांतानं."

"ते काम झालं, बाई. व्यायाम नव्हे."

मग त्यांनी अर्जावर ओळ लिहिली, 'उपकरणात बिघाड, निष्कर्ष नाही', आणि अर्ज पुढं सरकवला. "इथं सही करा."

"आकडा छापून द्या आधी."

"त्याचा काय उपयोग?"

"वस्तू हातात पडल्याबिगर पोचपावतीवर सही न्हाई, सर. नऊ वर्षांत मी कुणाची तशी घेतली न्हाई. द्यायची बी न्हाई."

"हट्टीच आहात."

"सरकारी नियम हाय."

ती बाकावर जाऊन बसली. प्राचीचे हार घालून फोटो झाले. पेढे फिरले, शालूनं एक घेतला, चांगला होता. शिपायानं खुर्च्या एकावर एक रचल्या, झाडू मारला, शेवटी तिच्या पायांशी येऊन थांबला. मशीनमधून चिठ्ठी निघाली. व्यंकटरावांनी ती तिच्याकडं न बघता पुढं धरली.

शालूनं नाव वाचलं, वजन वाचलं, आकडा वाचला. अर्ज ओढून बिघाडाची ओळ खोडली. खाली लिहिलं, 'चिठ्ठी मिळाली', तारीख घातली, वेळ घातली, सही केली.

बाहेर दारावर प्राचीच्या नावाची यादी लागली होती. शालूनं चिठ्ठीला घडी पडू दिली नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये ती सरळ ठेवली, दोऱ्यानं बांधली, आणि समोरच्या वाऱ्यात सायकलवरून ताडकळसच्या रस्त्याला लागली.