दुखलं कोणाले

“शालिग्राम म्हणत होता ते खरं असन काय, सोजरा?”

सोजरानं रंगरावांच्या दंडातली सुई काढली, कापूस दाबला. “औषध देलं हाय. पडून राहा.”

तालुक्याच्या मिशन दवाखान्यात ती आठ वर्षं नर्स होती. खाटेवरचे रंगराव म्हणजे उंद्रीच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. पोटातली गाठ आता त्यांचा जीव घेणार, हे त्यांनाही कळलं होतं. शालिग्राम तिचा नवरा, त्याच मंडळीतला उपदेशक.

अकरा वर्षांपूर्वी, त्रेपन्नच्या उन्हाळ्यात, शालिग्राम लोकांना जुन्या धर्मसभांचा वाद समजावत होता. ख्रिस्त हा निर्माण केलेला, पित्याहून कमी, असं एरियस नावाचा जुन्या काळचा धर्मगुरू म्हणे. सभेनं एरियसला पाखंडी ठरवलं आणि सांगितलं, ख्रिस्त पित्याशी एकतत्त्व, खरा देव. “मंग खिळे ठोकले तवा देवालेच दुखलं,” शालिग्राम म्हणाला, “म्हणून त्याले आपलं दुखणं कळते.”

रंगरावांनी मिशनच्या वरिष्ठांना अहवाल लिहून पाठवला: देवाला वेदना नसते, दुखलं ते फक्त देहाला. ज्याला दुखतं तो देव कसला? म्हणजे हा उपदेशक ख्रिस्ताला देवाहून कमी मानतो, एरियसचा चेला आहे.

शालिग्रामची जागा गेली. तो रस्त्यावर खडी फोडू लागला आणि तिसऱ्या वर्षी तापानं मेला. पाखंड्याला दफनभूमीत जागा नाही, असं सांगून रंगरावांनी फाटकाला कुलूप घातलं. सोजरानं नवऱ्याला नाल्याच्या काठी माती दिली. तेव्हापासून ती या माणसाची वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी रंगरावांनी तिचं मनगट धरलं. “लय एकटं वाटते. प्रार्थना करतो, पण वर कोणाले हे दुखणं ठाऊकच नाही असं वाटते. तू एकदा म्हण, शालिग्राम खरा होता.”

“काऊन म्हणू? देवाले वेदना नसते. तुमीच लिवलं.”

“तवा मले कुठं दुखत होतं, बाई.”

“मंग आता तेच घेऊन झोपा.”

तिनं त्यांची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, इंजेक्शनची वेळ मिनिटभरही चुकवली नाही. कोणी बोट ठेवावं असं काहीच तिनं केलं नाही. रंगराव रोज विचारत, ती रोज त्यांचेच शब्द त्यांना परत करी. त्यांचे डोळे भरत तेव्हा तिला आतून थंडावा मिळे. घरी जाऊन ती पोटभर जेवे.

पाचव्या दिवशी रंगरावांनी काही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सोजरा उगाच दोनदा खाटेशी जाऊन आली. विचारलं असतं तर आज आपण काय म्हटलं असतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. दुपारी ते गेले.

आयाबाई कौशल्याबाईंनी कोमट पाणी आणलं. दोघींनी अंग पुसलं. तोंड उघडं राहू नये म्हणून सोजरानं हनुवटीखालून पट्टी घेतली आणि डोक्यावर गाठ मारली.

“लय आवळली वो बाई,” कौशल्याबाई म्हणाल्या.

गालात पट्टी रुतली होती. सोजरानं गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, जरा सैल.