धोंड्याच्या महिन्यातील लाट

सोलापुरातून तुळजापूरच्या रस्त्याने दोन कोस गेल्यावर जो विस्तीर्ण तलाव लागतो, त्या तलावावर हरिबाची नाव चालत असे. आणि ती चालू लागली, की दोन्ही तीरांवरील जनांस मान वर न करताही ते उमगत असे. नाव चांगली जाडजूड लाकडाची, ओबडधोबड व अवजड होती. तिच्या पोटात ईरप्पा मिस्त्रीने एका मोडीत निघालेल्या ट्रकचे इंजिन बसवले होते. त्याचा पंखा नावेच्या तळाखाली, पार आत दडलेला होता. नाव निघाली म्हणजे तिच्यामागे छातीएवढी लाट उठे आणि ती लाट काठावर येऊन बायकांचे धुणे, कोळ्यांची जाळी व एकदा तर धर्मशाळेतील एका गोसाव्याची झोपलेली मूर्ती भिजवून परत जाई.

ही लाटच हरिबाच्या मुळावर आली. तलावावरील अधिकारी यज्ञेश्वरराव यांनी पाहणी करून असा शेरा मारला, की सदरहू नावेच्या लाटांमुळे बंधाऱ्याच्या दगडी अस्तरास बाधा पोहोचते. सबब अधिक भाद्रपद संपण्यापूर्वी नाव पाण्याबाहेर काढावी. साल चौऱ्याहत्तर. महिना संपण्यास चार दिवस उरले होते. नाव बाहेर निघाली म्हणजे तिचे सरपण होणार आणि पंधरा वर्षे पाण्याचा धनी असलेल्या हरिबाला पुन्हा परक्याच्या रानात औत धरावे लागणार, हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट होते.

"आवं, सायेबाच्या पाया तरी पडा," त्याची बायको जगदेवी म्हणाली.

"तीनदा पडलो की. चौथ्यांदा पडलो तर त्येला वाटंल माझं काय तरी हरवलंय हितं."

अशा प्रसंगी दैवाने आपला दूत मोटारीतून पाठवला. त्याचे नाव एकनाथराव. हे यज्ञेश्वररावांचे नवे कोरे जावई, पुण्यात कारखान्यात इंजिनिअर आणि कामानिमित्त सहा महिने परदेशी राहून आलेले. धोंड्याचा महिना म्हणून सासऱ्याने त्यांना मोठ्या मानाने बोलावले होते. चांदीचे ताट, पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, सर्व सिद्धता होती. सासूने रीतीप्रमाणे विचारले, "जावईबापू, आणखी काय हवं?"

जावईबापूंनी तलावाकडे बोट केले. "बोटीमागून फळीवर उभं राहायचंय. तिकडं पाहिलंय मी. आधी दोरी धरायची आणि लाटेनं उचललं की दोरी सोडून द्यायची. मग लाटच आपल्याला नेते."

यज्ञेश्वररावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. या महिन्यात जावयाला नाही म्हणता येत नाही, आणि जावयाला बुडवताही येत नाही. त्यांची कन्या सरोजिनी बापाकडे टक लावून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी मोटारबोट सज्ज झाली. पांढरीशुभ्र, चपळ, मागच्या काठावर मोटार टांगलेली आणि मोटारीखाली पाण्यात तीन पात्यांचा उघडा पंखा. काठावर तीसेक माणसे जमली. हरिबाही आला होता. त्याने बोट पाहिली, जावयाकडे पाहिले आणि त्याला राहवले नाही.

"सायेब, ह्या बोटीमागं माणूस उभा करू नका."

"तुझी नाव काढायला सांगितली म्हणून का?" साहेब कडाडले.

"नाव काढा न्हाईतर ऱ्हाऊ द्या. पर ह्येचा पंखा उघडा हाय, भाईर. माजी तीन जाळी खाल्लीत त्येनं. माणूस लाटंवर हुबा ऱ्हायाचा म्हंजी बोटीच्या जवळच ऱ्हाणार की. पडला तर?"

"पडले तर ड्रायव्हर बोट मागे घेईल."

"बरं," हरिबा म्हणाला आणि जगदेवीच्या वेलावरचा सर्वांत मोठा भोपळा घेऊन आला. जावईबापूंचा टॉवेल मागून घेऊन त्याने तो भोपळ्यास फेट्यासारखा बांधला व भोपळा पाण्यात सोडला. "ह्ये जावईबापू पडलं. आता घ्या मागं, उचला."

ड्रायव्हरने बोट मागे घेतली. एक घरघर झाली आणि पाण्यावर भोपळ्याच्या फोडी तरंगू लागल्या, इतक्या एकसारख्या, की जगदेवी म्हणाली, "भाजीला बऱ्या हायत." टॉवेल पात्यांना गुंडाळून बसला होता.

सरोजिनी एवढेच बोलली, "बाबा!"

त्या एका शब्दात सर्व काही आले. यज्ञेश्वररावांनी घाम पुसला व हरिबाच्या काळ्याकुट्ट नावेकडे प्रथमच आदराने पाहिले.

नाव निश्चित झाली, परंतु फळीचा प्रश्न होता. हरिबाने रानातील मैंद आणली. नांगरटीनंतर ढेकळे फोडण्यास बैलांमागे ओढतात, ती लांबलचक फळी. माणूस तिच्यावर उभा राहून वजन देतो. हरिबाने पूर्वी रानात फळी ओढली ती आडवी, म्हणून त्याने येथेही ती आडवीच नावेस बांधली. सरकारी कचेरीतील फुगणारे जाकीट उंदरांनी आधीच तपासलेले असल्यामुळे, विहिरीत पोहणे शिकणाऱ्या पोरांप्रमाणे जावईबापूंच्या पाठीस तेलाचा रिकामा, बूच बंद केलेला डबा आवळण्यात आला. नाव निघाली. फळीने पाण्यात सरळ डुबकी मारली आणि जावईबापू अदृश्य झाले. क्षणभराने प्रथम डबा वर आला, मग जावई.

"मासा आडवा पवतो का कुटं?" जगदेवी नवऱ्यावर खेकसली. "उभी धरा की फळी! आन् दोरी फळीला कशापाय? माणसाच्या हातात द्या, सोडता आली पायजे."

"बरोबर आहे, वहिनी," पाणी थुंकत जावईबापू म्हणाले. "मी सांगणारच होतो, पण हरिबानं मला पाण्यात लवकर पाठवलं."

ईरप्पाने करवतीने फळीचे पुढचे टोक निमुळते केले व तेथे एक लाकूड ठोकून ते वर उचलले. धुराचे नळकांडे त्याने आदल्या वर्षीच वाकवून आकाशाकडे केले होते. "धूर वर, मनुष्य खाली. हंगंच, असंच पायजे री," तो म्हणाला. दोरीला लाकडी मूठ लावली. हरिबाने जावयास बजावले, "मनगटाला गुंडाळायची न्हाय. निस्ती मुठीत." आणि जगदेवीस त्याने नावेत मागे तोंड करून बसवले. नाव हाकणाऱ्याने पुढे पाहावे व दुसऱ्या कोणी तरी पडणाऱ्यावरून नजर हलवू नये, असा त्याचा कायदा होता.

आता लाट. नाव सरळ बसली म्हणजे लाट दोन्ही बाजूंस वाटली जाई. हरिबाने डाव्या मागच्या कोपऱ्यात वाळूची सहा पोती रचली. नाव कलली, परंतु पुरेशी नाही. त्याची दृष्टी काठावर फिरली आणि यज्ञेश्वररावांच्या भारदस्त देहावर येऊन स्थिरावली.

"सायेब, तुमी या."

"मी कशाला?"

"जावयासाटी," हरिबा नम्रपणे म्हणाला.

साहेब पोत्यांवर विराजमान होताच नाव त्या कोपऱ्यात अशी खचली, की काठावर हशा पिकला. ईरप्पाने इंजिनास चावी दिली. नाव तलावाच्या मध्यापर्यंत, काठापासून दूर नेऊन हरिबाने वेग वाढवला. फार नाही, बैलगाडीच्या शर्यतीइतका. तोच डाव्या हातास ती लाट उभी राहिली. गुळगुळीत, हिरवी, काचेसारखी, न फुटणारी. ज्या लाटेने पंधरा वर्षे शिव्या खाल्ल्या तीच आज पालखीसारखी चालली होती. जावईबापू फळीवर प्रथम उकिडवे बसले, मग हळूहळू उभे राहिले. त्यांनी गुडघे वाकवले. दोरी सैल पडली. त्यांनी ती नावेत भिरकावून दिली.

आणि ते राहिले! दोरीवाचून, नावेपासून पाच हातांवर, पाठीस तेलाचा डबा बांधलेला तो पुरुष पाण्यावर उभा राहून चालला होता. काठावरील तीस तोंडे उघडी पडली.

"सायेब, हलू नका री!" ईरप्पा ओरडला. "तुमी हललं की लाट बसली!"

यज्ञेश्वररावांनी पोती घट्ट धरली. हरिबाने मागे वळून न पाहता घसा साफ केला.

"सायेब, जरा इचारायचं हुतं."

"आत्ता?"

"कचेरीत तुमी लई कामात असता. हितं मोकळे हायसा."

"मी उठल्यावर बोलू."

"उठलासा तर जावईबापू बसतील."

"हरिबा, हा दबाव आहे!"

"न्हाय सायेब. माजं म्हननं इतकंच, ह्या नावेचं सरपण झालं, तर अशी लाट कुटनं आननार?"

लाटेवरून आवाज आला, "मामा! असं काही आयुष्यात केलं नव्हतं! आणखी एक फेरी!"

साहेबांनी जावयाकडे पाहिले. जावयाच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जो चांदीच्या ताटाने आणलेला नव्हता. "बरं, बरं!" ते ओरडले. "राहू दे तुझी नाव!"

"आईकलं हो मी," जगदेवी मागे पाहत, नजर न हलवता म्हणाली. आणि लगेच, "पडलं! पडलं!"

हरिबाने तत्क्षणी इंजिनाचा जोर काढला. नाव मागे न घेता मोठा वळसा घालून तो जावयाजवळ आला, इंजिन बंद केले, पंखा थांबल्याची ईरप्पाकडून खात्री करून घेतली आणि मगच बांबू पुढे केला. जावईबापू हसत हसत वर आले. त्यांच्या सर्वांगास ओरखडादेखील नव्हता.

परंतु माणूस जमिनीवर आला, की पाण्यावरचे बोलणे विसरतो. दुपारी पंगत बसली. हरिबा व जगदेवी ओसरीवर होते. यज्ञेश्वरराव खाकरून म्हणाले, "तसं मी तोंडी बोललो होतो. लेखी आदेश तर निघालेला आहे. बंधाऱ्याचं अस्तर..."

हरिबाचा चेहरा उतरला. तो उठू लागला.

आत जावईबापूंसमोर चांदीचे ताट होते. ताटात पुरणाचे धोंडे वाफाळत होते. त्यांनी हात पुढे केला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"का हो, जेवा ना," सासूबाई घाबरल्या.

"वाण घेण्याआधी जावयानं काही मागायचं असतं ना?"

"कालच मागितलंत की!" सासरे म्हणाले.

"ती माझी हौस होती. मागणं आत्ता मागतो. मामा, अस्तराचं तुमचं म्हणणं खरं आहे, लाट त्याला खाते. मग नाव बंधाऱ्यापासून दोनशे हात लांब ठेवावी आणि काठाजवळ हळू चालवावी. एवढं लिहून दिलंत की झालं. तोवर हे धोंडे गार होत आहेत."

सरोजिनी तूप वाढायला आली होती. तुपाची वाटी हातात तशीच धरून ती बापासमोर उभी राहिली. सासूबाईंनी पदर कंबरेला खोचला. या दोन मुद्रांपुढे सरकारचे कोणतेही कलम टिकणारे नव्हते. यज्ञेश्वररावांनी दौत मागवली आणि पानावरच बसून परवाना लिहिला. तो हरिबास वाचता येत नव्हता, म्हणून जावईबापूंनी ओसरीवर येऊन मोठ्याने वाचून दाखवला:

"हरिबाची नाव तलावावर चालू राहण्यास परवानगी आहे. अट पहिली: बंधाऱ्यापासून दोनशे हात अंतर राखावे. अट दुसरी: काठाजवळ वेग कमी असावा. अट तिसरी: कोणत्याही अधिकाऱ्यास डाव्या मागच्या कोपऱ्यात बसण्यास भाग पाडू नये."

हरिबाने कागद दोन्ही हातांनी कपाळास लावला. "तिसरी अट लई वंगाळ हाय, सायेब," तो म्हणाला. "तेवढी सोडून बाकी सगळ्या कबूल."