थोरलीचा अलार्म, धाकटीचं छत

यातलं एक अक्षरही कोणाला खरं वाटायचं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. खुद्द शिडीकाकाही प्रत्येक गोष्टीची सुरुवात तशीच करायचे. "तुमचा विश्वास बसायचा नाही," असं एकदा म्हटलं की माणूस पुढे वाटेल ते सांगायला मोकळा. घरोघरी धुराचे अलार्म बसवण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती, आणि तेवढ्या काळात त्यांनी जितकी भोकं पाडली त्याच्या दुप्पट थापा मारल्या होत्या. भोकं मात्र सगळी सरळ असायची.

त्या सकाळी त्यांना बोलावलं होतं थोरलीने. एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग, त्यातल्या मधल्या दोन घरांत दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोघींच्या मध्ये एक भिंत. थोरली सत्तरीची, जन्मभर शिवणकाम केलेलं, अजूनही घरात बोटाला अंगुस्तान घालून फिरायची. धाकटी पाच वर्षांनी लहान, घड्याळं दुरुस्त करायची. अकरा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. आई गेली त्या दिवशी थोरलीच्या तोंडून निघून गेलं होतं, "तू वेळेवर आली असतीस तर..." धाकटीने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ती उठली, आपल्या घरी गेली आणि दार लावून घेतलं. त्या अर्ध्या वाक्यावर अकरा वर्षं निघाली.

काका आत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थबकले. शेगडीच्या बरोबर डोक्यावर एक जुना अलार्म होता, आणि त्याला अंघोळीच्या वेळी केसांवर घालतात तशी प्लास्टिकची टोपी चढवलेली होती.

"याला सर्दीबिर्दी होते का हो?"

"कांदा परतला की बोंबलतो मेला. मीच लावला होता, खुर्चीवर चढून."

"खुर्चीवर चढून! तुमची हाडं मोजून घेतली होती ना आधी?" काकांनी टोपी काढली, मग अलार्मही काढला. "शेगडीच्या डोक्यावर बसवलात तर बोंबलणारच. चार-पाच पावलं तरी लांब हवा. न्हाणीघराच्या दाराशीही नको, वाफ आणि धूर यातलं त्याला कळत नाही. आणि कोपऱ्यात तर मुळीच नको, तिथे धूर सगळ्यात शेवटी पोचतो."

एक अलार्म त्यांनी बोळाच्या छताला बसवला, एक थोरलीच्या झोपायच्या खोलीत. आत तार जाते का ते आधी भिंतीवर यंत्र फिरवून पाहिलं, मग डोळ्यांना चष्मा लावून ड्रिल चालवलं. खोलीत पलंग होता तो बरोबर मधल्या भिंतीला टेकून. हात झटकत त्यांनी खोक्यात पाहिलं.

"दोन पुरे झाले. तिसरा कशाला मागवलात?"

थोरलीने अंगुस्तान काढलं, पुन्हा घातलं. "तो पलीकडे लावायचा."

"मग पलीकडच्यांनी बोलवायला नको?"

"ती मरेल, पण बोलवणार नाही." मग थोरलीला आपल्याच शब्दांची भीती वाटली असावी, कारण ती पलंगावर टेकलीच. "तिचा उजवा कान लहानपणापासून गेलेला आहे. आणि झोपते डाव्या कुशीवर. चांगला कान उशीत. मग उशाशी ढोल बडवा, बाई ढिम्म हलायची नाही. आम्ही एका अंथरुणात झोपायचो. ती माझ्याकडे तोंड करून, मी तिच्याकडे. माझी ती कूस अजून सुटलेली नाही. रात्री काही वाजलं, कोणी आलं, तर मी तिला हलवायची. रात्रीचा तिचा कान मीच होते."

काकांनी तिसरा अलार्म खोक्यातून बाहेर काढला. 

"तिकडचा वाजला तर मला कळेल का?" तिने विचारलं.

"कळेल म्हणजे काय! ही तिन्ही एका आईची लेकरं. एकाने गळा काढला की तिघंही रडतात. तारबीर काही लागत नाही, ही भिंत म्हणजे त्यांना पडदा."

"मग मी जाईन." थोरलीने उशीखालून चष्म्याचं घर काढलं. त्यात चष्मा नव्हता, किल्ली होती. "तिच्या दाराची. तिने परत मागितली नाही."

"आणि कुलूप बदललं असेल तर?"

"ते बघायला मी कधी गेले नाही," थोरली म्हणाली. किल्ली पुन्हा चष्म्याच्या घरात गेली, ते घर उशीखाली. तिने विचारलं, "महिन्याला बटण दाबून बघायचं असतं ना? मी इथे दाबलं तर तिकडे वाजेल?"

"वाजेल."

"आणि तिने दाबलं तर इथे?"

"इथे."

"म्हणजे महिन्यातून एकदा," ती स्वतःशीच म्हणाली. मग एकदम खडसावून, "माझं नाव मात्र काढायचं नाही हं. काढलंत तर ती तुम्हाला शिडीसकट बाहेर घालवेल."

"बाई, खरं बोलल्याचा आरोप माझ्यावर आजवर कोणी केलेला नाही."

धाकटीने दार उघडलं तेव्हा घड्याळवाल्यांचं भिंग तिच्या कपाळावर सरकवलेलं होतं आणि हातात चिमटा होता.

"तुमचा विश्वास बसायचा नाही..." काकांनी सुरुवात केली.

"मग सांगू नका."

पण ते ऐकतात कसले. शिडी दाराला टेकवून त्यांनी सांगितलं, की अश्शाच एका घरांच्या रांगेत तिसऱ्या घरात गादी पेटली. धूर मोठा वस्ताद. तिसऱ्या घरात तो थांबलाच नाही. छताखालून वाट काढत निघाला तो थेट नवव्या घरात उतरला. तिथे एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. धूर त्यांच्या खांद्यामागे उभा राहून पेपर वाचायला लागला. गृहस्थांना वाटलं, चष्मा मळलाय. तासभर बिचारे चष्मा पुसत होते.

"धूर पेपर वाचतो?"

"नुसते मथळे. बारीक अक्षर त्याला दिसत नाही."

धाकटीच्या ओठांचा कोपरा हलला. काकांनी तेवढ्यात पाय आत घातला. "म्हणून कंपनीने ठरवलं. अशा रांगेत एक घर सोडून एक अलार्म, फुकट. तुमचा नंबर लागलाय."

"एक घर सोडून? म्हणजे शेजारी नाही?"

"शेजारी नाही."

धाकटीने चिमटा टेबलावर ठेवला. टेबलावर, भिंतीवर, कपाटावर, जिथे तिथे घड्याळं चालू होती, आणि कुठल्याही दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

"मग हा शेजारी लावा," ती म्हणाली. "मला नको. तिथे एक बाई राहतात. शिवायला बसल्या की शेगडीवर काय ठेवलंय ते विसरतात. पूर्वी आठवड्यातून दोनदा तरी करपल्याचा वास यायचा इथे. हल्ली येत नाही. आता नीट लक्ष ठेवतात, का रांधतच नाहीत, कोण जाणे. मी रोज संध्याकाळी मागच्या दारात उभी राहून वास घेते."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच काकांची थाप अडखळली. पलीकडे एक जण किल्ली उशाशी घेऊन झोपते आणि इथे दुसरी वासावर असते, हे दोन्ही पोटात ठेवून थाप मारायची होती.

"त्यांचा... त्यांचा नंबर पुढच्या वर्षी आहे."

"वर्षभरात वाटेल ते होईल. तिथेच लावा, नाहीतर घेऊन जा."

अलार्म परत न्यायचा म्हणजे थोरलीला काय तोंड दाखवायचं? काका घाईला आले, आणि घाईत त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं.

"अहो, असा हट्ट करू नका! हा तुमच्याच खोलीत हवा. नुसता बोळात लावूनही भागायचं नाही. दार लावलं की आवाज निम्मा होतो, त्यात तुम्ही झोपता डाव्या कुशीवर, चांगला कान उशीत..."

धाकटीने कपाळावरचं भिंग उतरवून त्यांच्याकडे नीट बघितलं.  घड्याळं आपापल्या मर्जीने टकटकत होती.

"लावा," ती म्हणाली.

तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. काका वर चढले. पंख्यापासून लांब, भिंतीपासून हातभर सोडून त्यांनी जागा ठरवली. वरून त्यांना खोली पुरती दिसली. इथलाही पलंग मधल्या भिंतीला टेकलेला होता. डाव्या कुशीवर झोपलेल्या माणसाचं तोंड तिथे भिंतीकडेच व्हायचं. पलीकडे त्याच जागी थोरलीची उशी. अकरा वर्षं दोघी वीतभर विटांच्या अंतरावर एकमेकींकडे तोंड करून झोपत होत्या, आणि हे माहीत असणारा जगात एकच माणूस होता, आणि तो शिडीवर उभा होता. काकांनी स्क्रू गरजेपेक्षा जास्तच वेळ पिळला.

"आता दाबून बघा," खाली उतरून ते म्हणाले. "शिडीवर चढायचं नाही. लांब झाडूच्या दांड्याने दाबलं तरी चालतं. महिन्यातून एकदा. न विसरता."

धाकटीने दांडा वर नेला आणि दाबला. अलार्मने असा काही टाहो फोडला की काकांचा हात कानावर गेला. धाकटीने दांडा खाली घेतला. इथला थांबला. भिंतीपलीकडचा मात्र थांबला नाही. दोन-तीन क्षण तो एकटाच वाजत राहिला, मग तोही गप्प झाला. काका जोरजोरात खोकले, पण उशीर झाला होता. धाकटीने डावा कान भिंतीकडे वळवला होता.

पलीकडे पावलं वाजली. कोणीतरी भिंतीजवळ आलं आणि तिथेच उभं राहिलं.

"काका," धाकटी म्हणाली, आणि तिने आवाज मुळीच खाली ठेवला नाही, "हे सगळं खोटं आहे. पेपर वाचणारा धूर खोटा, कंपनी खोटी, एक घर सोडून एक, तेही खोटं. मी कुठल्या कुशीवर झोपते हे एकाच माणसाला माहीत आहे. तुम्हाला ताईने पाठवलंय."

काकांनी तोंड उघडलं.

"तुम्ही बोलू नका. आणि तिला निरोपही देऊ नका, तुम्ही त्याला तिखटमीठ लावाल. माझं मी सांगते."