मनगटाच्या अलीकडे

मोठ्या सिस्टरची सव्वीस वर्षांची नोकरी आणि परीक्षा कसली, तर पेशंटचा हात चोळायची! शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना औषधांच्या जोडीला आराम कसा द्यायचा, याचं नर्सेससाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. जी नापास होईल तिची बदली डोळ्यांच्या विभागात. सिस्टरचा तर सगळा जीव या पेशंटच्या वॉर्डात. म्हणून नाक मुरडत का होईना, त्या तयार झाल्या.

तेल कोमट केलं, वॉर्डातल्या शिवणवाल्या आजींचा हात हातात घेतला आणि तिथेच घात झाला. बोटं सवयीने मनगटावर गेली.

"नव्वद," सिस्टर बोलून गेल्या.

शिकवणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "नाडी कोणी विचारली? जेवणानंतर पुन्हा करा. ही शेवटची संधी."

दुपारी पहिली दोन मिनिटं बरी गेली. तळवा, अंगठा, एकेक बोट. तिसऱ्या मिनिटाला बोटं पुन्हा चोरट्यासारखी मनगटाकडे सरकली. जन्मभर कापडावरून हात फिरवलेल्या बाईला ते कळणार नाही होय?

"अगं, इथे जो तो माझा हात धरतो, पण काहीतरी शोधायला," आजी म्हणाल्या. "कोणी शीर शोधतं, कोणी नाडी. आण बघू तुझा हात इकडे."

"आजी, परीक्षा माझी आहे."

"असू दे. आण म्हटलं ना!"

धुऊन धुऊन खरखरीत झालेल्या त्या तळव्यावर आजी थरथरता अंगठा हळूहळू फिरवत राहिल्या. सिस्टरना आधी हसू आलं, मग अवघडल्यासारखं झालं, मग डोळे घळाघळा वाहू लागले. त्यांनी हजारो हात धरले होते. त्यांचा हात असा कोणीच धरला नव्हता.

तेवढ्यात बाई कागद घेऊन हजर. नको तेव्हा टपकायचं कसब काही जणांना उपजतच असतं.

"हे काय? आराम कोणी कोणाला द्यायचाय?"

"तिला बोलू नका," आजी म्हणाल्या. "चार महिने नुसती पडून सगळं करून घेतेय. आज मला कोणाचं तरी काही करता आलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. पहिलाच प्रश्न होता, पेशंटला बरं वाटलं का? त्यांनी 'हो'वर खूण केली.

सिस्टर गडबडीने हात सोडवू लागल्या.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "अजून पाच मिनिटं आहेत."