नाव घ्या

संजना वाचा-उपचाराच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होती. आई कौतुकानं सांगायची, "आमची पोरगी लोकांना बोलायला शिकवते." त्यावर शेजारणी म्हणायच्या, "अगं बाई, आमच्याकडे गप्प बसायला शिकवणारी पाठव!"

शांती नगरच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून तिच्या वाट्याला मंदाकाकू आल्या. पक्षाघातानं गेलेली वाचा आता कुठे परततेय. कप दाखवला, "कप." किल्ली दाखवली, "किल्ली." मग संजनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

काकूंनी मान खाली घातली. पुन्हा विचारलं, तरी तेच.

शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याचा, लवूकाकांचा चेहरा खर्रकन उतरला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मला विसरली गो ती! कप आठवतो मेला, आणि मी नाही?" एवढा मिशीवाला माणूस, पण डोळे भरून आले. संजनाला धीर कसा द्यावा ते कळेना. ते कुठल्या लेक्चरात शिकवलं होतं?

ती गोडदेवला घरी आली, तर आई फोनवर बोलतेय, "साईराजचे पप्पा आले की सांगते हं."

संजनानं कपाळावर हात मारला. आईनं तरी जन्मात पप्पांचं नाव घेतलंय का? कायम आपल्या भावाचं नाव पुढे. आणि आपण शहाण्या, काकूंना सरळ विचारून मोकळ्या!

दुसऱ्या दिवशी तिनं चित्रं बाजूला ठेवली आणि टाळीचा ठेका धरला. "काकू, उखाणा होऊन जाऊ दे. नाव घ्या!"

काकूंचे डोळे लकाकले. उजवा हात उठेना, म्हणून डाव्या हातानं त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

"रत्नागिरीच्या... बंदरात... बोटी लागल्या खास..." त्या अडल्या. संजना टाळी वाजवत राहिली. "लवूरावांना... भरवते... मोदकाचा घास!"

"आठवतंय गो हिला!" काका हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

काकूंनी डाव्या हाताचं बोट त्यांच्यावर रोखलं. "आता... तुम्ही."

काका गडबडले. लग्नात काय नाव घेतलं असेल तेवढंच, पुढचा सगळा संसार "अगो"वर झालेला. तोंड उघडलं, मिटलं. धडधाकट जिभेचा माणूस, पण कान लाल झाले.

"सावकाश, काका," रोज काकूंना म्हणायची तसं संजना म्हणाली.

"मं... मंदा," काका म्हणाले.

यमक नाही, काही नाही. काकूंना चाललं.