कुणी राहिलंय का?

आमच्या विभागाच्या प्लेसमेंट ऑफिसात एक नियम आहे. तो ज्याने कुणी काढला त्याचं देव भलं करो, पण त्याने माझ्यासमोर येऊ नये. नियम असा: कंपनी आली की तिची सगळी उठबस करणाऱ्या स्वयंसेवकाने स्वतःचा इंटरव्ह्यू सगळ्यात शेवटी द्यायचा. यादी त्यानेच टाईप करायची, पण तीत आपलं नाव घालायचं नाही. शेवटचा उमेदवार बाहेर आला की यादीच्या तळाशी पेनाने आपलं नाव लिहायचं आणि आत जायचं. यादी हातात होती म्हणून पुढे घुसला, असं उद्या कुणी म्हणायला नको.

"तुझं काय गं, तू तर घरचीच," आमचे प्लेसमेंटचे सर म्हणायचे. घरची म्हणून खुर्च्या लावायच्या, घरची म्हणून पाण्याचे ग्लास भरायचे, घरची म्हणून नंबर पुकारायचे. आणि बाहेरच्यांचं सगळं आटोपलं की घरच्या माणसाने उरलंसुरलं घ्यायचं. वर्षभर गळ्यात तो निळा बिल्ला घालून मी दारात उभी होते. पोरं मला नावाने हाक मारीनाशी झाली होती. "ए नंबरवाली, माझा कितवा गं?"

संख्याशास्त्राचं शेवटचं वर्ष. त्या वर्षात तोवर नऊ कंपन्या येऊन गेल्या. पहिल्या दोघींनी मला नको म्हटलं. पहिल्या इंटरव्ह्यूत समोरच्या माणसाने माझं उत्तर चालू असताना तीनदा घड्याळ पाहिलं. दुसरीने "कळवू" म्हटलं, आणि मी चार दिवस आंघोळीलासुद्धा फोन घेऊन गेले. कळवलं कुणीच नाही. शेवटी नोटीस बोर्डावर दुसऱ्याच मुलीचं नाव लागलं. त्यानंतरच्या सात कंपन्यांच्या वेळी माझा नंबर येईपर्यंत वेळच उरला नाही. निदान मी सगळ्यांना असं सांगत होते.

बाबांना मात्र मी एवढं तपशिलात सांगत नव्हते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. रोज साडेसहाला, कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममधून त्यांचा फोन यायचा. मागे मोटारीची घरघर, म्हणून ते ओरडूनच बोलायचे. "काय झालं गं आजच्या कंपनीचं?" मी म्हणायचे, "नाही झालं बाबा." मग सुरू. "आंधळे आहेत मेले! हिऱ्याची पारख नाही त्यांना! काय नाव त्या कंपनीचं? त्यांच्या लिफ्टचं काम आलं ना, तर मी जाणारच नाही!" असं नऊ वेळा. मला हसू यायचं आणि मी घाईने विषय बदलायचे.

दहावी कंपनी वर्षातली शेवटची होती. त्यानंतर परीक्षेचा निकाल, आणि महिनाअखेर होस्टेलची खोली रिकामी करायची. खोली तशी अर्धी रिकामी झालीच होती. माझी जोडीदारीण, जिला आम्ही खारूताई म्हणायचो, तिला तिसऱ्याच कंपनीने उचललं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ती गेली. जाताना गळ्यात पडून रडली, "रोज फोन करीन" म्हणाली, आणि आठवडाभर केलाही. मग तिचं काम वाढलं. तिच्या पलंगावरची गादी वळकटी करून ठेवलेली होती, आणि मी त्या वळकटीकडे पाठ करून जेवायचे. आमच्या मजल्यावर बावीस खोल्या. चपला फक्त पाच दारांबाहेर. एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी एक शब्दही बोललेली नसायची. मग उगाच मोठ्याने म्हणायचे, "चला, दार लावूया." आपलाच आवाज ऐकून दचकायला व्हायचं.

दहावी कंपनी होती पुठ्ठ्याची खोकी बनवणारी. जागा एकच. माल बाहेर पडण्याआधी खोकी तपासायची, शंभरातली किती फुटतात याचा अंदाज बांधायचा. पोरांनी नाकं मुरडली. "एवढं शिकून खोकी मोजायची?" मला मात्र ती नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती. दुकानातून मागून आणलेली अकरा रिकामी खोकी मी खोलीत रचली होती, त्यांच्यावर एकेक पुस्तक ठेवत कुठलं कधी बसतं ते वहीत लिहीत होते. खारूताईचा पलंग खोक्यांनी भरून गेला. खोकं मधून नाही बसत, आधी कोपऱ्यातून दुमडतं, आणि ओल लागलेलं तर बघता बघता माती खातं. आठ दिवस मी या खोक्यांशीच बोलत होते. वेड लागायची पाळी आली होती म्हणा ना. पण वर्षात पहिल्यांदाच मला वाटलं, हे काम आपल्याला येईल.

त्या दिवशी मी सकाळी आठलाच जाऊन इंटरव्ह्यूची खोली झाडून घेतली. बाराला कंपनीचे दोघे आले. एक करड्या शर्टातल्या मोठ्या बाई, आणि एक म्हातारे इंजिनियर, पिशवीत पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन. यादीत अकरा जण. बाई फटाफट प्रश्न विचारणाऱ्या निघाल्या, कुणाला वीस मिनिटांच्या वर ठेवलं नाही. पावणेचारला दहा नंबर बाहेर आला. अकरा नंबरचा पत्ताच नव्हता. मी फोन लावला.

"अगं, मला परवाच दुसरीकडे मिळाली की! सांगायचं राहिलं. सॉरी हां, नंबरवाली."

मी फोन खिशात टाकला. घड्याळात चार वाजायला दहा कमी होते. त्यांची गाडी साडेचारची. मी आत गेले आणि सांगितलं की अकरा नंबर येणार नाही.

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आम्हाला वेळ आहे अजून. कुणी राहिलंय का?"

यादी माझ्या हातात होती. पेन बिल्ल्याच्या दोरीलाच लावलेलं होतं. समोर उमेदवाराची खुर्ची, रिकामी, मीच सकाळी पुसलेली. म्हातारेबुवा पुठ्ठ्याचा तुकडा बोटांत फिरवत माझ्याकडे बघत होते. चांगला माणूस वाटत होता.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "झाले सगळे."

आणि काय सांगू, जीव असा भांड्यात पडला! लाज वाटते सांगायला, पण हायसं वाटलं. मी लगबगीने त्यांना दुसरा चहा आणून दिला. बिस्किटांची बशी भरली. पाण्याचे ग्लास बदलले. त्या दोघांनी हळू आवाजात बोलून घेतलं आणि चारलाच सांगून टाकलं, सहा नंबर. सहा नंबर गॅलरीत आईला फोन लावून ढसाढसा रडत होता, आणि पोरं त्याच्या पाठीवर बुक्के मारत होती. मीही टाळ्या वाजवल्या.

निघताना बाई सरांना म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसातली ही मुलगी फार चटपटीत आहे हो. असं काम कुठेच पाहिलं नाही आम्ही." सर हसले. त्यांना वाटलं असेल, 'ऑफिसातली' हे बाई कौतुकाने म्हणतायत. मी दार उघडून धरलं.

मी ग्लास गोळा करत होते तेवढ्यात सर त्यांना गाडीत बसवून परत आले.

"तुझं कसं झालं?"

"वेळच उरला नाही सर."

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अगं, अर्धा तास गप्पा मारत बसले होते की ते. मीच होतो ना चहाला." मग त्यांनी टेबलावरची यादी उचलली आणि तळाशी पाहिलं. तिथे काही नव्हतं. त्यांनी टेबलाचा खण उघडला, जुन्या याद्या काढल्या, एकेक करून पाहिल्या. मी ग्लासात ग्लास घालत राहिले. उलट्या बाजूने घातले, मग काढून परत घातले.

"कधीपासून?" सर म्हणाले.

"तिसऱ्या वेळी खरंच वेळ नव्हता, सर." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "चौथ्या कंपनीपासून मी नाव लिहिलंच नाही."

तिसऱ्या वेळी खरोखरच उशीर झाला होता, आणि मी रागाने लालबुंद होऊन खोलीवर गेले होते. वाटेत लक्षात आलं की मला भूक लागली आहे. त्या दोन नकारांनंतर पहिल्यांदाच अशी सणसणून भूक लागली होती. कारण मला कुणी नको म्हटलं नव्हतं. तेव्हापासून सोपंच होतं. उमेदवारांना जरा निवांत आत सोडायचं, मध्ये चहा लांबवायचा, गाडीवाल्याला पाच मिनिटं आधी बोलवायचं. मग नियमाच्या नावाने खडे फोडत खोलीवर यायचं. तो नियम नसता ना, तर मला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

सर खुर्चीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "मला वाटायचं, तुझं नशीबच खोटं," एवढंच म्हणाले. मग त्यांचा फोन वाजला, आणि ते दुसऱ्या कुणाशी तरी निकालाच्या तारखेबद्दल बोलायला लागले. मी बिल्ला काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले.

साडेसहाला बाबांचा फोन आला. मागे घरघर.

"काय झालं गं?"

"बाबा, मशीन बंद करा जरा."

खटका दाबल्याचा आवाज आला. मग एकदम शांत. इतक्या दिवसांत त्यांचा श्वास मी पहिल्यांदाच ऐकला. मी सांगितलं. आज गेले नाही, असं सांगून थांबता आलं असतं. पण तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडलं, चौथ्या कंपनीपासूनचं.

कुठेतरी पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे त्यांनी तुला बघितलंसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि मी त्या सगळ्यांना उगाच शिव्या घातल्या?"

मला हसू फुटलं. पण ते हसत नव्हते. "मी इथे माझ्या माणसांना सांगतो, अगं. म्हणतो, माझी पोरगी एकेका कंपनीत जाऊन नडते, पडते, परत उठते. हिंमत बघा तिची." ते थांबले. "ठेवतो." आणि फोन ठेवला. एरवी ते जेवलीस का, पैसे आहेत का, दार नीट लाव, असं सगळं विचारल्याशिवाय ठेवत नाहीत.

मी पलंगावर बसून राहिले. समोर खोक्यांची रास. इतकं एकटं मला त्या वर्षात कधी वाटलं नव्हतं. खारूताई गेली, पोरं गेली, तरी बाबा होते. आणि त्यांच्याकडे जी मुलगी होती ती मी नव्हतेच. ते दुसऱ्याच कुणाशी तरी रोज साडेसहाला बोलत होते.

कंपनीच्या बाईंचा नंबर माझ्याकडे होता. गाडीची वेळ ठरवायला मीच सकाळी बोलले होते त्यांच्याशी. जागा गेली होती, हे मला ठाऊक होतं. सहा नंबरने पेढ्याऐवजी वाटलेली चॉकलेटं मीही खाल्ली होती. तरी लावला. पहिल्याच रिंगला कापला, मग परत लावला.

"हॅलो? तिकडे काही विसरलं का आमचं?" बाई म्हणाल्या.

"नाही मॅडम. मघाशी तुम्ही विचारलंत, कुणी राहिलंय का. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. एक उमेदवार राहिली होती."

"कोण?"

"मी."

"तुम्ही? तुम्ही तर ऑफिसातल्या ना?"

"नाही. मी शेवटच्या वर्षाला आहे. मला ही नोकरी हवी होती."

मागे हॉर्न वाजला. म्हातारेबुवांनी काहीतरी विचारलं, बाईंनी "थांबा हो" म्हटलं. "मग समोर खुर्ची रिकामी होती की. बसला का नाहीत?"

"तुम्ही नको म्हणाल म्हणून."

बाईंनी गाडीची काच वर केली असावी, मागचा गलका थांबला. मला वाटलं आता समजूत काढतील, पुढच्या वर्षी बघू म्हणतील, कळवू म्हणतील. "जागा एकच होती," त्या म्हणाल्या. "ती दिली आम्ही. त्या मुलाला आता मागे घेता येणार नाही. तेव्हा माझं उत्तर नाही असंच आहे."

"हो मॅडम," मी म्हणाले. "थँक्यू."

फोन ठेवला आणि मी रडले. शेजारी कुणी नव्हतं, त्यामुळे आवाज दाबायचंही कारण नव्हतं. चांगली भोकाड पसरून रडले. मग उठून तोंड धुतलं, आणि बाबांना फोन लावला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"बाबा," मी म्हणाले, "खोक्यांची कंपनी. आता घाला शिव्या. आज त्यांनी मला खरोखर नको म्हटलंय."